अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी: मशीन जोडायचा तो 10 चा कोटा आधी शून्य करा
डोमेनला (कंपनीच्या एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या कॉम्प्युटर-नेटवर्कला) मशीन जोडायला अ‍ॅडमिनच लागतो, असं या चर्चेत एकांनी लिहिलंय. तसं नाही हो. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (डोमेनमधले युजर आणि मशीन सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेत) मूळ सेटिंग तसंच ठेवलं, तर कुठलाही साधा युजर 10 कॉम्प्युटर जोडू शकतो; हाच तो कोटा. त्यासाठी खरं मशीनही लागत नाही. नुसतं कॉम्प्युटर अकाउंट तयार करता येतं आणि त्याचा पासवर्ड तयार करणाऱ्याच्याच हातात असतो. 2021 मध्ये हेच महागात पडलं: अशा अकाउंटला डोमेन कंट्रोलरचं (डोमेन चालवणाऱ्या मुख्य सर्व्हरचं) नाव द्यायचं, फक्त कॉम्प्युटर अकाउंटच्या नावाला शेवटी असतं ते डॉलर चिन्ह गाळून, आणि तिथून थेट डोमेन अ‍ॅडमिनच्या, म्हणजे अख्ख्या डोमेनवरच्या, अधिकारांपर्यंत मजल! नोव्हेंबर 2021 च्या पॅचने ते भोक बुजलं, पण कोटा 10 चा 10 च राहिला. तो शून्य करा आणि जोडणीचे अधिकार एका वेगळ्या अकाउंटला, ठरावीक ओयूपुरतेच (डिरेक्टरीतल्या ठरावीक विभागापुरतेच) द्या. जुन्या कॉम्प्युटर ऑब्जेक्टचे (डिरेक्टरीतल्या कॉम्प्युटरच्या नोंदींचे) ओनर कोण आहेत, तेही कृपया तपासा.