माण तालुक्यातील शेतकरी घराण्याचा माग: हस्तलिखित सातबाऱ्याच्या मागे कसे जावे?

माणगंगाकाठ

नमस्कार. आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात आहे. पणजोबा तरुणपणी मुंबईला गिरणीत लागले आणि तेव्हापासून गावाशी आमचा संबंध जत्रेपुरता व लग्नकार्यापुरता उरला. जमीन भाऊबंद कसतात आणि तिच्यावर माझा कोणताही दावा नाही. घराण्याची खरी वंशावळ लिहून ठेवावी, एवढाच हेतू आहे.

सध्या माझ्यापाशी संगणकीकृत सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून मिळालेली एका जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल आहे. त्या नकलेवर पणजोबांच्या थोरल्या भावाचे नाव, त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे आणि वर्तुळात एक फेरफार (हक्कातील बदलाची नोंद) क्रमांक आहे. पणजोबांचे नाव कोठेही नाही. गावात आमच्याच आडनावाच्या अनेक भावक्या असून प्रत्येकीत धोंडी, राणू, बाबू हीच नावे पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिली आहेत, त्यामुळे कागदावरचा राणू आमचा की शेजारच्या वाड्यातला, हे ठरवता येत नाही. शिवाय पणजोबांचे एक चुलते दुष्काळात बार्शीच्या पलीकडे, निजामाच्या हद्दीत गेले, असे घरात सांगतात. पुढे कोणत्या क्रमाने जावे आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात आत्ताच जाण्यात अर्थ आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

जुना तलाठी

पुण्याला जाण्याची घाई करू नका. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. कुटुंब एकत्र असताना कर्त्या पुरुषाचे नाव लावीत आणि बाकीचे भाऊ त्या तीन अक्षरांच्या आड राहत. तेव्हा पणजोबांचे नाव नसणे हे स्वाभाविक आहे. ज्याचे नाव लागले त्याच्या मृत्यूनंतरचा वारस फेरफार आणि त्याच्या नावावर जमीन ज्या फेरफाराने आली तो, असे दोन्ही फेरफार काढा. वर्तुळातील क्रमांक बहुधा यांपैकीच एकाचा असतो.

हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ साली झाला आणि १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यात समाविष्ट करण्यात आला. फेरफार रजिस्टर, म्हणजे गाव नमुना सहा, हे त्यानंतरचे असल्यामुळे त्यापूर्वीचा फेरफार शोधण्यात वेळ घालवू नये. मात्र जे मिळतात ते वाचण्यासारखे असतात: ‘अमुक मयत, त्यास मुलगे तीन, पैकी थोरला ए.कु.मॅ., धाकटा अज्ञान, त्याची अ.पा.क. आई’ अशा दोन ओळींत दोन पिढ्या येतात, आणि एरवी कोणत्याही कागदावर नसलेले एखाद्या विधवेचे नावही तेथेच सापडते. (अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अर्थात अल्पवयीन मुलाचा पालक.)

एकाच नावाचे दोघे असतील तर नावाच्या मागे न लागता सर्व्हे नंबराच्या मागे लागावे. राणू पुष्कळ असतील, पण सर्व्हे नंबर आणि त्याचा हिस्सा एकाच भावकीकडे बापाकडून मुलाकडे उतरत आलेला असतो. तुमच्या गावी १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गट पडले असतील, तर आजच्या गट नंबरावरून जुना सर्व्हे नंबर कळण्यासाठी मोजणी ऑफिसातून एकत्रीकरण योजनेचा नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा घ्या. सर्व्हे नंबर हाती आला की जुने कडईपत्रक (जमीनधारकांचे जुने पत्रक), हिस्सा फॉर्म आणि फाळणी नकाशा मागा. पोटहिस्से कसे पडले हे नकाशावर पाहिले की वाटणीत भाऊ किती होते याचा अंदाज येतो.

त्याच फेरीत गाव नमुना चौदा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, तेही पाहावे. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, परंतु जन्माची वर्दी बारशाआधीच जात असल्याने मुलाचे नाव पुष्कळदा नसते. फक्त बापाचे नाव, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि तारीख. मृत्यूच्या नोंदीत कारण असते, आणि १९१८ च्या शेवटच्या महिन्यांची, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीची, पाने आली की ‘ताप’ हा एकच शब्द ओळीने खाली उतरत जातो. गावातील जुन्या शाळेचे जनरल रजिस्टरही सोडू नका, कारण त्यात जन्मगाव लिहिलेले असते आणि पहिले मूल आजोळी झाले असेल, तर पणजीच्या माहेरचा पत्ता तेथेच लागतो.

न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचे काम २०२३ साली सुरू झाल्यापासून अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर जुन्या नोंदींची छायाचित्रे चढली आहेत. ती घरबसल्या पाहता येतात. मात्र तो शोध कुणबी नोंदींचा होता, हे ध्यानात ठेवा. तेथे तुमचे घर नसले म्हणून ते रजिस्टरात नाही, असे होत नाही.

रुमालवाचक

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण एक भर घालतो. मी मोडी कागद वाचतो आणि माझ्याकडे येणाऱ्या दहांतील निम्म्या लोकांना वाटते की पुण्याच्या दप्तरात आडनावाची सूची असेल. तशी ती नाही. कागद रुमालांत बांधलेले आहेत आणि त्यांची लावणी प्रांत, परगणा, तर्फ, गाव अशी आहे. तेव्हा आजचा तालुका सांगून भागत नाही, आपले गाव पेशवाईत कोणत्या परगण्यात किंवा तर्फेत होते हे आधी ठरवावे लागते. त्याचप्रमाणे १९४८ पर्यंत तुमच्या परिसरात औंध आणि फलटण ही संस्थाने होती. गाव खालसा (थेट इंग्रजांच्या) मुलखातले की संस्थानी, हे न पाहता अर्ज केल्यास शोध भलत्याच दप्तरात होत राहतो.

शेतकरी घराण्यासाठी सर्वांत मोलाचा कागद म्हणजे थळझाडा. त्यात गावातील जमीन थळांनी (शेतांच्या जुन्या गटांनी) मांडलेली असते, कोणते थळ कोणत्या मिरासदाराचे (वंशपरंपरागत हक्काच्या शेतकऱ्याचे) हे सांगितलेले असते, आणि जे घराणे नांदते राहिले नाही त्याच्या थळाला ‘गतकूळ’ म्हटलेले असते. आडनाव नसले तरी ‘धोंडी बिन राणू’ (राणूचा मुलगा धोंडी) अशी बापाच्या नावासह नोंद मिळते. आता हे थळ आजच्या कोणत्या शेताशी जुळते? सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना आहे. संगणकीकृत उताऱ्यावर तो बहुतेक कोराच असतो, पण हस्तलिखितावर कोणीतरी ‘चिंचमळा’ किंवा ‘थोरली पट्टी’ असे लिहून ठेवलेले आढळते. माणसांची नावे फिरत राहतात, सर्व्हे नंबर तर इंग्रजांनी घातले. न बदलता टिकते ते शेताचे नाव. गावातल्या वयस्कर बायकांना विचारून सगळ्या शेतांची नावे आजच लिहून घ्या, कारण भांगलणीला जाऊन त्यांना ती पुरुषांपेक्षा नेमकी ठाऊक असतात.

तारखांविषयी: पेशवेकालीन कागदावर सुहूर सन (तेव्हाची एक कालगणना) अरबी अंकनामांनी येतो. ‘समान सबैन मया व अलफ’ म्हणजे आठ, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७८. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७७-७८ येते. मोडीत शब्द तोडलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, म्हणून स्वतः वाचायला शिकण्यास काही महिने लागतात, पण शिकलेले बरे.

दक्षिण साताऱ्यापासून कोल्हापूर, सांगली, बेळगावपर्यंत हेळवी लोक घराण्यांच्या वंशावळी सांगतात; तुमच्या भावकीचे हेळवी येत असल्यास त्यांची चोपडी जरूर पाहावी. अलीकडच्या पाच-सहा पिढ्या मी विश्वासाने घेतो. त्यामागे राजपुतान्यातून आलेला मूळ पुरुष दिसू लागला की लेखणी खाली ठेवतो. नाशिक, त्र्यंबकेश्वर आणि पंढरपूर येथील तीर्थोपाध्यांच्या वह्यांचे तसे नाही. तेथे यात्रेला गेलेल्याने स्वतः सांगितलेली, प्रसंगी स्वतःच्या हाताने लिहिलेली नावे असतात. गाव आणि आडनाव सांगितल्यावर तुमच्या गावाचे उपाध्ये कोण ते कळते.

सीनाकाठ

निजामाच्या हद्दीत गेलेल्या शाखेपुरते सांगतो. मराठवाड्यात १९५४-५५ चे खासरा पत्रक (जमिनीची गाववार नोंद) हा पक्का टप्पा मानतात. तेथून मागे जावे. त्यापूर्वीचे कागद पुष्कळसे उर्दूत आणि फसली सनात (महसुली कालगणनेत) आहेत. फसली सनात ५९० मिळवावे, म्हणजे १३४३ फसली हे १९३३-३४ होते. बापाचे नाव ‘बिन’ऐवजी ‘वलद’ने जोडलेले दिसेल. स्थलांतरित कुटुंबाला नव्या गावात पुष्कळदा जुन्या गावाच्या नावावरून आडनाव पडते, म्हणून तुमचे आडनाव शोधण्याबरोबरच तुमच्या गावाला ‘कर’ लावूनही शोधा.

माणगंगाकाठ

सर्वांचे आभार. हस्तलिखित सातबारा पुन्हा नीट पाहिला; स्थानिक नावाच्या रकान्यात ‘बाभूळपट्टी’ असे पुसट वाचता येते. इतर हक्कांत मात्र दुसऱ्या भावकीतील एकाचे नाव असून त्यापुढे ‘सा.कु.’ आहे. याचा वंशावळीला काही उपयोग आहे का?

जुना तलाठी

आहे. ‘सा.कु.’ म्हणजे साधे कूळ (कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा), ‘सं.कु.’ असते तर संरक्षित कूळ. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारी कुळे कायद्याने जमिनीची मालक मानली गेली आणि त्यानंतर कूळकायद्याच्या कलम ३२-गखाली खरेदीची किंमत ठरवण्याची प्रकरणे चालली. तुमच्या नंबरावर तसे प्रकरण झाले असेल, तर त्यात मालक आणि कूळ या दोघांचे जबाब घेतलेले असतात. मालकाने त्यात आपण भाऊ किती, कोण मुंबईस असतो, वाटप झाले आहे की नाही, हे शपथेवर सांगितलेले असण्याचा संभव मोठा आहे. तुमच्या पणजोबांचे नाव प्रथम तेथेच भेटले तर नवल वाटू देऊ नका. नकलेचा अर्ज तहसील कार्यालयाच्या कूळकायदा शाखेत द्या, त्यावर गाव आणि जुना सर्व्हे नंबर लिहा, आणि मालकाबरोबर कुळाचेही नाव घाला, कारण त्या शाखेची रजिस्टरे काही ठिकाणी कुळाच्याच नावाने लावलेली असतात.