सोरायसिसमध्ये इंटरल्युकिन-१७ नेमके काय करते?

प्रश्न (इतवारी, नागपूर):
वडिलांना बऱ्याच वर्षांपासून सोरायसिस आहे. आपल्याकडची कोरडी थंडी सुरू झाली की कोपरांवरचे चट्टे जाड होतात आणि सकाळी चादर झटकताना चंदेरी पापुद्रे खाली पडतात. डॉक्टरांनी आता इंटरल्युकिन-१७ (रोगप्रतिकारक पेशींचा संदेशवाहक रेणू) रोखणारे इंजेक्शन सुचवले असून, त्याआधी क्षयरोगाची तपासणी करायला सांगितली आहे. त्वचेच्या आजारासाठी ही तपासणी कशाला, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

उत्तर १ (त्वचारोगशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी):
आजार त्वचेवर दिसत असला तरी त्याची सूत्रे रोगप्रतिकारक पेशींकडे असतात. १९७९ मध्ये, रोगप्रतिकारशक्ती दाबणाऱ्या सायक्लोस्पोरिनने हे चट्टे ओसरतात असे आढळले आणि संशोधकांचे लक्ष टी-पेशींकडे (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वळले. त्वचेतील डेंड्रिटिक पेशी (टी-पेशींना जागे करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) इंटरल्युकिन-२३ हा दुसरा संदेशवाहक रेणू सोडतात, त्याच्या बळावर टी-पेशींचा एक गट टिकून राहतो व इंटरल्युकिन-१७ स्रवतो, आणि तो संदेश मिळताच त्वचेच्या पेशी इतक्या वेगाने वाढतात की एरवी सुमारे महिनाभर चालणारा त्यांचा खालच्या थरापासून पृष्ठभागापर्यंतचा प्रवास काही दिवसांतच उरकतो. अशा अर्धवट पिकलेल्या पेशींचे थर साचतात. तुम्हाला चादरीवर दिसतात ते हेच पापुद्रे. शिवाय त्वचेच्या पेशी स्वतःही रासायनिक संकेत सोडून आणखी रोगप्रतिकारक पेशींना बोलावून घेतात, म्हणून हे चक्र आपोआप थांबत नाही. तुमच्या वडिलांचे इंजेक्शन या चक्रातला एकच दुवा तोडते, आणि म्हणूनच मला ही उपचारपद्धती महत्त्वाची वाटते.

उत्तर २ (निवृत्त वैद्यकीय अधिकारी):
क्षयरोगाचे जंतू अनेकांच्या शरीरात सुप्त असतात व त्यांना कोंडून ठेवण्यात टीएनएफ-अल्फा या रेणूचा मोठा वाटा असतो. त्यामुळे तो रोखणाऱ्या औषधांनी क्षय उफाळण्याचा धोका सर्वाधिक असतो. इंटरल्युकिन-१७ रोखणाऱ्या औषधांत तो बराच कमी आहे, तरीही आपल्या देशात ही तपासणी टाळू नये. इंटरल्युकिन-१७ बुरशीपासून संरक्षणही करतो, तेव्हा तोंडात पांढरे डाग आल्यास लगेच दाखवावे. आतड्यांच्या दाहाचा जुना आजार असेल, तर तो डॉक्टरांना आधीच सांगणे फार गरजेचे आहे, कारण या औषधाने तो बळावू शकतो.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. त्वचा स्वच्छ झाल्यावर इंजेक्शन बंद करता येईल का?

उत्तर १:
स्वतःहून बंद करू नका. चट्टा गेला तरी काही स्मृती टी-पेशी (आधीचा दाह 'लक्षात ठेवणाऱ्या' टी-पेशी) त्याच जागी त्वचेत राहतात, त्यामुळे औषध थांबल्यावर तो बहुधा तिथेच परत उमटतो. सकाळी सांधे आखडत असतील किंवा बोटे सुजत असतील, तर तेही पुढच्या भेटीत जरूर सांगा.