'ओळखीतलं काम आहे, जरा नजर टाक': फुकट कामाचा हिशेब

लाल पेन (धागाकर्ती)
परवा इथेच एका डिझायनर गृहस्थांनी लिहिलं की ओळखीच्या माणसाकडून पैसे घेतले की ओळख संपते. पहिली पाच वर्षं फुकट किंवा निम्म्या दरात करावं, नाव झालं की पैसा मागून येतो. खाली 'अगदी मनातलं बोललात' म्हणणाऱ्यांची रांग लागली होती. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

मी एकोणीस वर्षं मुद्रितशोधन करते, म्हणजे छापण्याआधी प्रुफं वाचून चुका काढते. नात्यातल्या एका काकांचं आत्मचरित्र आलं, चौदा फर्म्यांचं (सोळा पानांचा एक फर्मा). 'जरा नजर टाक गं.' तीन वाचनं केली. दुपारी भाकऱ्या झाल्या की ओट्याशेजारीच प्रुफं पसरायची. कागदवाल्याला पैसे मिळाले, प्रेसला मिळाले, हॉलचं भाडं तर आगाऊ गेलं. फुकट एकटी मी. २२४ पानं, पानाला २० रुपये, म्हणजे ४४८० रुपये. एवढ्याने माझी चूल अडली नसती, म्हणून बोलले नाही.

पण वर्षभराने आमच्याच गल्लीतल्या एका मुलीने त्याच घरातल्या दुसऱ्या पुस्तकाला तोच दर सांगितला. तिचं घर यावरच चालतं. तिला उत्तर मिळालं, 'आमच्याकडे ताई फुकट करतात.' ती माझ्याकडे येऊन रडली. माझ्या चांगुलपणाचं बिल तिने भरलं. म्हणून म्हणते, फुकट करायचं तर जरूर करा, पण बिल पूर्ण रकमेचं लिहा आणि खाली सूट दाखवा. समोरच्याला आकडा दिसलाच पाहिजे.

खाडीपलीकडचा
ताई, तुमच्या काकांचं चुकलं, मान्य. पण सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. मी तालुक्याच्या गावातून दिवाळी अंक काढतो. पितृपक्षात जाहिरात मागायला गेलं की दुकानदार म्हणतो नवरात्रात या, नवरात्रात गेलं की म्हणतो अंक तर छापून झाला असेल. मी स्वतः एक पैसा घेत नाही. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंक सुरू केला, तेव्हापासून ही परंपरा लोकांच्या प्रेमावर चालली आहे. प्रत्येकाने बिल फाडायला घेतलं तर खेड्यापाड्यातले अंक दोन वर्षांत बंद पडतील. मग रडा भाषेच्या नावाने.

माऊसमामा
प्रेमाचं राहू द्या साहेब, आधी फाईल कशी येते ते बोला. मी डीटीपीवाला, संगणकावर छपाईची पानं लावतो. अर्धे लेखक अजून जुन्या फॉन्टात मजकूर देतात आणि वर म्हणतात, 'कन्व्हर्टर आहे की, पाच मिनिटांचं काम.' अहो, जुन्या फॉन्टात ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते, युनिकोड या आताच्या सर्वमान्य पद्धतीत ती नंतर साठते, आणि कन्व्हर्टरला एकाचं दुसऱ्यात करायचं असतं. रफाराचं बरोबर उलटं. एक जागा चुकली की रफार शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर. गेल्या वर्षी एका अंकात 'लग्नातल्या आचाऱ्यांना' चं 'आचार्यांना' झालं आणि स्वयंपाक्यांचा आख्खा लेख विद्वानांवर गेला. त्या पाच मिनिटांना मला तीन रात्री लागल्या. बिलात ती ओळ लावली तर संपादक म्हणाले, 'हे वेगळं कसं काय?'

कोडवाला
मामा, हे २०१० सालचं रडगाणं झालं. आता चांगले कन्व्हर्टर आहेत. उरलेल्या चुकांना शोधा-बदला लावा, शब्दकोश जोडा. ज्या कामाला यंत्र आहे त्याचे हाताच्या दराने पैसे मागणं मला पटत नाही.

लाल पेन
'सह्याद्रीच्या दर्या' असं आलं तर तुमचा शब्दकोश काय करणार? दर्या हाही शब्द, दऱ्या हाही शब्द. दोन्ही कोशात आहेत. वाक्य वाचणारं माणूस लागतं हो.

कोडवाला
शेजारचे शब्द बघून तेही कळतं. शंभरात दोन चुका राहतील. त्या दोनसाठी शंभरांचे पैसे घ्यायचे? तुम्हा लोकांना काम जाण्याची भीती वाटते, म्हणून सगळा आरडाओरडा.

माऊसमामा
भीती वाटतेच! बावन्न वय आहे, मुलगी बारावीला. आणि त्या दोन चुका कुठल्या शंभरात आहेत ते शोधायला शंभरही वाचावे लागतात, हे तुमच्या डोक्यात का शिरत नाही? छापल्यावर शिव्या यंत्र खात नाही, मी खातो. तुमच्या आवडत्या कन्व्हर्टरमधून एक फर्मा काढा, ताईंना वाचायला द्या, मग बोला.

कोडवाला
बरं, काढला. मघाशी आजोबांच्या जुन्या फाईलची दहा पानं टाकून पाहिली. अकरा ठिकाणी रफार गेला, दोन नावं ओळखू येईनात. वाचायला माणूस लागतो, हे मानतो. दर कमी व्हायला हवा, हे अजूनही म्हणणार.

ओटा आणि लॅपटॉप
दराचं नंतर बघा. 'तुम्ही घरीच असता ना' यावर कुणी बोलणार आहे का? मी भाषांतर करते. नवऱ्याच्या मित्राने चाळीस पानांचं माहितीपत्रक पाठवलं, 'वहिनी, दुपारचा वेळ जाईल तुमचा.' तोच मित्र माझ्या नवऱ्याला आर्किटेक्ट म्हणून फुकट नकाशा मागत नाही. त्याच्या टेबलाला ऑफिस म्हणतात, माझ्या टेबलावर दुपारी वाटाणे सोलले जातात, एवढाच फरक.

ताळेबंद
थोडं कायद्याचं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंद, फुकट आहे, घरबसल्या होते. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असेल तर सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. अनेकांना हे माहीतच नसतं. पण दाव्याला कागद लागतो. तोंडी 'बघू नंतर' वर काही होत नाही.

माऊसमामा
साहेब, गावात तीन प्रेस. एकावर दावा लावला की दुसऱ्या दिवशी तिन्हींची दारं बंद. व्याज कुणाकडून घेऊ?

ताळेबंद
ते खरं आहे. दावा लावाच असं म्हणत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा, माझ्या दोन अशिलांचे पैसे तेवढ्यानेच सुटले. निदान निम्मे आगाऊ घेतल्याशिवाय फाईल उघडू नका.

खाडीपलीकडचा
सकाळपासून वाचतोय. ताईंचा राग अजून पटलेला नाही, कारण माझ्या अंकातून कुणी बंगला बांधलेला नाही. पण काल रात्री वही काढून बसलो. कागद, छपाई, बांधणी, टपाल, सगळ्यापुढे आकडे. मुद्रितशोधनापुढे गेली अकरा वर्षं नुसती रेघ. ते काम आमच्या शाळेतल्या निवृत्त बाई करायच्या. यंदा त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, तेव्हा कुठे मला कळलं की हे काम कुणीतरी करत होतं. लेखकांना मानधन देणं आजही जमणार नाही, हे स्पष्ट सांगतो. प्रुफाचं देईन. १२८ पानं आहेत, काय घ्याल?

लाल पेन
दादा, अंकाचं पान मोठं असतं, ३० रुपये पान. दोन वाचनं. ३८४० होतात. निम्मे आगाऊ. आणि हे काम मी नाही करणार, त्या मुलीचा नंबर तुम्हाला निरोपातून देते. मजकूर युनिकोडमध्येच पाठवा, नाहीतर मामांच्या तीन रात्री वेगळ्या लावाव्या लागतील.

खाडीपलीकडचा
पाठवतो. आणि बाईंच्या अकरा वर्षांचं काय करू, तेही सांगा.

लाल पेन
अकरा अंकांची पानं मोजा आणि आकडा घेऊन त्यांच्या घरी जा. ऑपरेशनच्या आधी.