पाय घसरला तरी पंचांनी आठ मोजले. बॉक्सिंगमध्ये रिप्ले का बघत नाहीत?

गंगाखेड_गाडीचा_वाहक
मंडळी, मी एसटीत वाहक. बॉक्सिंगमधलं जे काय कळतं ते पोरीमुळं. ती दहावीला आहे, ४८ किलोत खेळती. गेल्या आठवड्यात विभागीय शालेय स्पर्धा झाली. गावाचं अन् पंचांचं नाव लिहीत नाही, उगं तिलाच पुढं त्रास नको.

दुसऱ्या राउंडला पोरगी मागं सरकली अन् निळ्या कोपऱ्याजवळ धपकन बसली. पंचांनी लगेच मोजायला सुरू केलं, ठोसा लागून पडल्यावर आठपर्यंत मोजतात तसं, काउंट म्हणतात त्याला. ती हातानं खाली दाखवायली, की बाबा इथं पाणी आहे. आधीच्या बाउटला कुणाची तरी बाटली तिथं सांडली होती. पण आठपर्यंत मोजलं ते मोजलंच. शेवटी ३-२ नं हरली, पाचातल्या तिघा जजनी समोरचीला दिलं.

तिच्या मामानं सगळं मोबाईलवर घेतलंय. समोरचीचा ठोसा वीतभर लांब राहिला अन् हिचा डावा पाय पाण्यावरून सरकला. डेपोत बसून चाळीसदा तरी बघितलं असेल मी. स्पर्धेतच तो मोबाईल घेऊन पंचांच्या टेबलापाशी गेलो होतो, तर साहेब म्हणले, "व्हिडिओ चालत नाही, पालकांनी मागं बसा."

क्रिकेटात बॉल बॅटला नुसता चाटला का ते बघायला अख्खं मैदान थांबतं. इथं लेकराचं वर्ष गेलं तर कामून थांबायचं नाही?

कोपऱ्यातली_बादली
दादा, संभाजीनगरला बरीच वर्षं पोरांच्या कोपऱ्यात उभा राहिलोय, म्हणून बोलतो. तुमच्या तक्रारीत दोन गोष्टी एकात मिसळल्यात.

घसरली का ठोशानं पडली, हे डोळ्यानं दिसणारं आहे. तिथं रिप्ले पाहिजेच. घसरली तर मोजायचंच नसतं, नियमच आहे. अमेरिकेत नेवाडात व्यावसायिक लढतींना रिप्लेची सोय आहे, जखम ठोशानं झाली का डोकं लागून, असलं तपासायला. पण २०२० मध्ये लास वेगासला फ्रँको-मोलोनी लढतीत डोळा कशानं सुजला हे बघण्यात जवळपास २६ मिनिटं घालवली अन् शेवटी लढतच अनिर्णित म्हणून रद्द केली. टीव्हीवर बघणारे ओरडत होते, डोकं लागलेलं दिसतच नाही म्हणून. म्हणजे व्हिडिओ असला तरी बघणारा माणूसच.

३-२ चा मामला वेगळा. आपल्या हौशी बॉक्सिंगमध्ये काउंट झाला म्हणून आपोआप गुण जात नाही. पाच जज राउंड कुणाचा ते ठरवतात. काउंट बघून एखाद्याचं मन फिरलं असेल, पण ते कुठल्या कॅमेऱ्यात दिसणार? १९८८ ला सोल ऑलिंपिकच्या फायनलला अमेरिकेच्या रॉय जोन्सनं ८६ ठोसे मारले, समोरच्यानं ३२, तरी ३-२ नं जोन्सच हरला. मग १९९२ पासून ठोसा लागला की जजनी दाबायची बटणं आणली, पाचातल्या तिघांनी एका सेकंदात दाबलं तरच गुण. त्यातूनही भांडणं मिटली नाहीत, ती पद्धतही गेली.

एक उपाय मला पटला होता. २०२३ ला दिल्लीत महिलांच्या जागतिक स्पर्धेत ३-२ निकाल लागला की आणखी दोन अधिकाऱ्यांची मतं धरायचे. आपली लवलीना बोरगोहेन फायनल ५-२ नं जिंकली ती अशीच. पाच जज अन् सात मतं कशी, म्हणून तेव्हा पोरं मला विचारायची.

नांदेडची_माती
आमच्याकडं विचारा रिव्ह्यूचं! २०२५ च्या महाराष्ट्र केसरीला अहिल्यानगरात आमच्या नांदेडकडून खेळणारा शिवराज राक्षे म्हणत होता, पाठ टेकलीच नाही, रिव्ह्यू दाखवा. मग पंचांना लाथ मारली अन् तीन वर्षांची बंदी घेतली. लाथ चूकच, त्यात वाद नाही. पण स्क्रीनवर तिथंच दाखवलं असतं तर पाय उचललाच नसता असं मला वाटतंय.

बॉक्सिंगवाल्यांनी मॅटवरच्या कुस्तीचं घ्यावं. कोच स्पंजचा ठोकळा आत फेकतो, व्हिडिओ बघतात, अन् कोच खोटा पडला की समोरच्याला एक गुण. फुकटची बोंब आपोआप बंद.

लातूर_५४किलो
मी स्वतः खेळते. काका, तुमच्या मुलीचं ऐकून वाईट वाटलं, मला असंच एकदा डोक्याच्या धडकेवर मोजलं होतं. तरी मधेच खेळ थांबवायला माझा विरोध आहे. दोन मिनिटांच्या राउंडमध्ये समोरची शेवटच्या तीस सेकंदांत दमते, तेवढ्याचसाठी आम्ही पहाटे पळतो. तेव्हा तिच्या कोचनं रिव्ह्यू मागितला तर ती श्वास घेऊन ताजी. आताच दम गेला की खेळ थांबावा म्हणून पोरी दातावरचं माउथगार्ड थुंकतात, मीही थुंकलंय, खोटं कशाला बोलू.

राउंड संपल्यावरच्या एका मिनिटात बघा ना. काउंट चुकीचा असेल तर पुढच्या राउंडआधी जजना सांगा.

आणि व्हिडिओ नेहमी आपल्याच बाजूनं बोलतो असं नाही. २०१२ लंडन ऑलिंपिकला आपला विकास कृष्ण अमेरिकेच्या एरॉल स्पेन्सविरुद्ध १३-११ नं जिंकला होता. अमेरिकेनं तक्रार केली, व्हिडिओ बघितला, एकट्या तिसऱ्या राउंडमध्ये विकासनं नऊदा पकडलेलं निघालं, ताकीद एकदाच दिलेली. आणि माउथगार्ड मुद्दाम थुंकलेलं. निकाल स्पेन्सच्या बाजूनं १५-१३ असा फिरला.

गंगाखेड_गाडीचा_वाहक
बादलीवाल्या दादांचं बरोबर दिसतंय. पण ते दोन जादा साहेब अन् स्क्रीन दिल्लीत. आमच्याकडं पंचांच्या टेबलावर पंखा नव्हता, मोबाईल पालकाचा, तोही मामाचा. दुसऱ्या पोरीच्या बापाकडं बी मोबाईल असणारच, त्यानं दुसऱ्या बाजूनं घेतलं असेल. मग कुणाचं धरायचं, हा इचार मी आधी केलाच नव्हता.

लातूरच्या ताई, तुमचं पोरीला वाचून दाखवलं. माउथगार्डवर हसली लई. मग स्वतःच मोबाईल घेतला अन् घसरल्याचं सोडून तिसरा राउंड लावला. म्हणे, "पप्पा, इथं माझा उजवा हात खालीच आहे सगळा वेळ." चाळीसदा बघून मला ते दिसलं नव्हतं. काउंट चुकीचाच होता, ते मी सोडणार नाही, अर्ज लिहायलोय.

तोवर पुढच्या स्पर्धेला पिशवीत एक कोरडं फडकं टाकून नेतो. रिंगणात जाऊ देत नसतील तर कोपऱ्यातल्या पोराच्या हातात देईन.