मांजर, नख्या आणि घरातले सामान : तुमचे अनुभव लिहा

मांजर असलेल्या घरात सोफ्याचा एखादा कोपरा किंवा दाराची एखादी चौकट तिच्या नावावर झालेलीच असते. या धाग्यात त्याबद्दलचे अनुभव हवे आहेत. नुसता उपाय लिहू नका. मांजर केवढे आहे, घरातच असते की बाहेर हिंडते, नेमके काय ओरबाडते, कधी ओरबाडते आणि तुम्ही केलेल्या खटपटींतले काय टिकले, हे सगळे येऊ द्या. दुसऱ्याला उपयोग होतो तो या तपशिलांचा.

एक गोष्ट आधीच सांगते. नख्या मारणे मांजराला लागतेच. नखाचा जुना, बोथट झालेला पापुद्रा त्यातून सुटतो, पाठीचा कणा आणि खांदे ताणले जातात, आणि पंजाच्या गाद्यांमधल्या ग्रंथींचा वास त्या जागी उतरतो. आपल्याला तो वास येत नाही, पण तिच्यासाठी ती घरावरची पाटी असते. त्यामुळे "कसे थांबवावे" याच्यापेक्षा "कुठे करू द्यावे" या प्रश्नाला माझ्या मते जास्त अर्थ आहे. आता तुम्ही लिहा.

कोथरूड, पुणे

आमची मनी घरातच असते. सोफ्याच्या डाव्या हाताचे कापड तिने आतला स्पंज दिसेपर्यंत उसवले होते. दुकानातून एक तयार खांब आणला. दिसायला गोड, वर लोंबणारा चेंडू. तिने एकदाच पंजा टाकला, खांब डुगडुगला, आणि परत ती त्याच्याकडे फिरकली नाही. मग मी तिच्याकडे नीट लक्ष दिले. झोपेतून उठली की ती सरळ सोफ्याकडे जायची, मागच्या पायांवर उभी राहून पुढचे पंजे जमेल तितके वर न्यायची आणि अंगाचा सगळा भार खाली ओढायची. म्हणजे तिला उंची हवी होती आणि न हलणारी वस्तू हवी होती. गुडघ्याएवढ्या खांबात यातले काहीच नव्हते.

लाकडाच्या वखारीतून तीन फुटांचा जाड वासा आणला. आमच्या सुताराने तो प्लायच्या रुंद पाटावर खालून स्क्रू मारून पक्का बसवला. त्यावर सुंभ गुंडाळला, वेढ्याला वेढा घट्ट चिकटवून, दोन्ही टोकांना छोटे खिळे ठोकून आत दाबलेले. खांब ठेवला तो सोफ्याच्या त्याच हाताला अगदी खेटून, आणि सोफ्याच्या त्या भागावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली. चिकट लागले की ती पंजा झटकून बाजूला व्हायची आणि शेजारच्या सुंभावर जायची. गेली की लगेच सुक्या बोंबलाचा तुकडा. तिला ती सवय लागल्यावरच खांब थोडा थोडा खिडकीकडे सरकवला. एकदम उचलून कोपऱ्यात ठेवू नका, वस्तूपेक्षा जागा तिला जास्त महत्त्वाची असते.

हल्ली झाडताना खांबाच्या बुडाशी नखांची टरफले सापडतात. राखाडी, अर्धपारदर्शक, आतून पोकळ आणि टोकाला वाकलेली. पहिल्यांदा पाहून नखच उपटले की काय अशी धास्ती वाटते, पण तो फक्त वरचा थर असतो. खाली नवे टोकदार नख तयार असते.

सुंभाचा कचरा पडतो आणि तो झिजतोही, तेव्हा वेढे बदलावे लागतात. पण मनी त्याला सोडत नाही.

गिरगाव, मुंबई

दीड खोलीत खांब ठेवायला जागा नाही. आमचा बोका उभ्या वस्तूला हातच लावत नाही, तो आडवे बोचकारतो : पायपुसणी, चटई, गादीची कड. त्यामुळे खांबाचा खर्च वाचला. वाण्याकडून पुठ्ठ्याची खोकी आणतो, सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापतो आणि एका चपट्या खोक्यात उभ्या, दाटीने ठासून भरतो. पट्ट्यांच्या कडा वर येतात, त्यात त्याच्या नख्या छान रुततात. झिजले की उलटे करायचे, मग फेकायचे. गादीच्या कडेला जाड सुती खोळ घट्ट ओढून बसवली आहे. नख अडकले नाही की त्याला त्यात रस उरत नाही.

कुडाळ

आमच्याकडे मांजरे घरात-बाहेर दोन्हीकडे असतात. अंगणात फणसाचे जुने खोड आहे, त्याची साल खालच्या अंगाला पार सोलून निघालीय. त्यामुळे घरातल्या सामानाला त्रास नसे. प्रश्न यायचा पावसाळ्यात. संततधार लागली की ती बाहेर जात नाहीत आणि माजघराच्या सागवानी दाराला भिडतात. सासूबाईंनी सुचवले म्हणून पडवीतल्या खांबाला हातभर उंचीपासून छातीपर्यंत गोणपाट सुतळीने आवळून बांधले. पावसाच्या आधीच बांधायचे, म्हणजे दाराची आठवण होत नाही.

आणखी एक. खोकली नावाचे तण परसात उगवते, ते मुळासकट उपटले की मांजरे त्या मुळावर तुटून पडतात, तोंड घासतात, लोळतात. मांजरांना भुरळ घालणाऱ्या कॅटनिप या परदेशी वनस्पतीबद्दल वाचले तेव्हा लक्षात आले की असले काहीतरी आपल्या परसात आहेच. ताजे मूळ गोणपाटावर चोळले की नव्या मांजरालाही जागा कळते. वाळलेल्या मुळाने आमच्याकडे फारसे काही झाले नाही.

नागपूर

मी पशुवैद्य आहे आणि घरी दोन मांजरी आहेत. इथे संत्र्याची साल ठेवण्याचा उपाय सगळेच सांगतात. बहुतेक मांजरांना तो वास आवडत नाही हे खरे, पण साल वाळली की वास गेला, त्यामुळे तेवढ्यावर भागत नाही. मला काळजी वाटते ती दुसऱ्या उपायांची. सोफ्यामागे डांबराच्या गोळ्या ठेवू नका, त्या मांजरांना विषारी आहेत. निलगिरीचे किंवा टी ट्रीचे तेल फवारू नका, फिनेलने कापड पुसू नका. मांजराचे यकृत असली द्रव्ये नीट निकामी करू शकत नाही, आणि ती अंग चाटत असल्याने पंजाला लागलेले सगळे पोटात जाते. कृपया हे पुढच्या माणसालाही सांगा.

नखे दर दोन-तीन आठवड्यांनी कापली तर नुकसान बरेच कमी होते. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्या पायांना चार-चार अशी अठरा नखे असतात, सगळी एका बैठकीत झाली पाहिजेत असे नाही. ती पेंगुळलेली असताना मांडीवर घ्या, बोटाची गादी वरून-खालून हलके दाबा, नख बाहेर येते. आत गुलाबी भाग दिसतो, तिथे रक्तवाहिनी आणि नस आहे. त्याच्या बऱ्याच अलीकडे, फक्त वाकडे टोक कापायचे. काळ्या नखात गुलाबी भाग दिसत नाही, तेव्हा अगदी थोडेसेच.

आणि ओरडणे, पाणी मारणे, पाठीत चापट हे नकोच. मांजर सोफा सोडत नाही, तुम्ही घरात नसताना तेच करते. भीतीने तर तिची वास सोडण्याची गरज उलट वाढते.

ठाणे

पशुवैद्यांनी भीतीबद्दल लिहिले म्हणून सांगावेसे वाटले. आमची चिंगी शांत होती, खांब व्यवस्थित वापरायची. मग अचानक बाल्कनीच्या सरकत्या दाराची लाकडी चौकट आणि त्याशेजारचा पडदा फाडायला लागली, तेही रात्रीच. कारण बाहेर होते : सोसायटीतला एक बोका कठड्यावर येऊन बसत होता. तिला काचेतून तो दिसायचा, आणि ती आपली हद्द आखत होती. काचेच्या खालच्या भागावर धूसर कागद चिकटवला, कठड्यावर कुंड्या दाटीने लावल्या आणि एक खांब तिथेच दाराशी ठेवला. चौकट वाचली. दार-खिडकीपाशीच ओरबाडत असेल तर आधी बाहेर डोकावून बघा.

क्वीन्स, न्यू यॉर्क

इकडे भाड्याच्या घरांत हा प्रश्न वेगळ्या वळणावर जायचा. काही घरमालक मांजराच्या नख्या काढल्या असतील तरच घर द्यायचे. नख्या काढणे म्हणजे प्रत्येक बोटाचे शेवटचे पेर हाडासकट कापणे. अशा मांजरांना पुढे पंजे दुखत राहू शकतात, काही वाळूत शी-शू करणे सोडतात, काही चावायला लागतात. २०१९ मध्ये न्यू यॉर्कने कायद्याने यावर बंदी घातली, वैद्यकीय कारण असेल तेवढीच सूट. अमेरिकेत अशी बंदी घालणारे हे पहिले राज्य. माझ्याकडे आश्रयगृहातून आणलेली एक म्हातारी मांजर होती, तिच्या नख्या आधीच काढलेल्या. तरीही ती उशीवर रोज पंजे ओढायची, आणि मधेच थांबून एक पंजा उचलून धरायची. भारतात कोणी तुम्हाला हा "कायमचा इलाज" सुचवला तर ठाम नाही म्हणा. तिथेही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये प्राण्याचा अवयव तोडणे गुन्हा आहे.

कोल्हापूर

आमचे मांजर चौदा वर्षांचे. खांबाकडे जाणेच त्याने बंद केले आहे. सामान सुरक्षित आहे, मग नखांकडे लक्ष द्यायची गरज आहे का?

नागपूर

आहे, आणि तरुण मांजरापेक्षा जास्त. म्हातारपणी सांधे दुखतात म्हणून ते ताणून ओरबाडत नाही, पापुद्रे सुटत नाहीत, नखे जाड होतात आणि पूर्ण आत जात नाहीत. फरशीवर चालताना टकटक ऐकू येते का बघा. पुढच्या पायाचे अंगठ्याचे नख जमिनीला टेकत नाही, ते गोल वळून गादीत घुसते आणि जखम होते. आज आधी तेच नख तपासा. गादीत रुतलेले दिसले तर घरी कापू नका, दवाखान्यात न्या. सांधेदुखीचेही तेव्हाच विचारा. आणि त्याच्या बिछान्याशेजारी जमिनीवर पुठ्ठ्याचे आडवे खोके ठेवून बघा, गिरगावकरांनी सांगितले तसे.