मदत हवी आहे: फ्रेंच शब्द तोडायचे कसे? (तातडीचं)

वेंधळी:
गुरुवारी तोंडी परीक्षा. शब्दाचे सिलेबल (उच्चाराचे तुकडे) पाडून जोर कुठे येतो ते सांगायचंय. पुस्तकाप्रमाणे पाडले तर बाई म्हणतात चूक, कानाने पाडले तरी चूक! सोपा नियम सांगा. गूगल करून झालंय.

कट्टेकरी:
शब्द कुठला? लेव्हल कुठली? बाई नक्की काय म्हणाल्या?

बंड्या७७:
सोप्पंय. ज्या अक्षरावर तिरकी रेघ, तिथे जोर. भाच्याने असंच करून ए-टू (A2 लेव्हलची परीक्षा) काढली.

अर्धाफ्रेंच:
भाचा नशीबवान आहे. ते स्पॅनिशमध्ये चालतं. फ्रेंचमधल्या रेघेचा जोराशी काही संबंध नाही. 'एते' म्हणजे उन्हाळा, त्यात दोन्ही ए (e) वर रेघ असते. दोन्हीकडे जोर देणार का?
वेंधळी, लिहिताना तोडायचेत की बोलताना?

वेंधळी:
ते वेगवेगळं असतं???
शनिवारच्या 'सामदी'चे (samedi) मी तीन पाडले, बाई म्हणाल्या दोन. म्हणून फ्लॅटच्या 'आपार्तमां'मधला (appartement) ए पण खाल्ला, तर म्हणे चार!

जर्मनप्रेमी:
जर्मन घ्यायचं होतंस. लिहिलंय तसं वाचायचं.

अर्धाफ्रेंच:
बाई बरोबर आहेत. बोलताना मधला मुका ए गळतो, पण तो गेल्यावर तीन व्यंजनं एकमेकांवर आदळणार असतील तर सहसा राहतो. सामदीत म आणि द, दोनच, म्हणून साम-दी. आपार्तमांमध्ये र, त, म अशी गर्दी होते, म्हणून आ-पार-त-मां.
लिहिताना मात्र 'बालों'मधल्या (ballon, म्हणजे चेंडू) दोन एलच्या मधून तोडतात. बोलताना एकच एल, बा-लों.

तुलूजकर:
तीन वर्षं दक्षिण फ्रान्समधल्या तुलूजला काढली आहेत. आमच्याकडे सा-म-दी असे स्वच्छ तीन म्हणतात. ए गिळणं हे पॅरिसवाल्यांचं खूळ.

अर्धाफ्रेंच:
दक्षिणेत म्हणतात, मान्य. परीक्षा तुलूजला नाहीये.

तुलूजकर:
म्हणजे दक्षिणेतले फ्रेंच नाहीत का?

नानाकाका:
अहो, भांडता काय, आपणही 'कमल' लिहितो तीन अक्षरी आणि बोलतो क-मल. फ्रेंच कवितेत मात्र गंमत आहे. त्यांच्या आलेक्सांद्रँ वृत्तात ओळीला १२ सिलेबल. तिथे पुढे व्यंजन आलं की बोलताना गळणारा ए सुद्धा मोजावा लागतो, स्वर आला की नाही. आपल्या अक्षरगणवृत्तांशी ताडून पाहण्यासारखं...

वेंधळी:
काका, कविता नाहीये हो परीक्षेला. जोराचं कोणी सांगेल का??

अर्धाफ्रेंच:
सुट्या शब्दात शेवटच्या सिलेबलवर, पण शेवटचा मुका ए धरायचा नाही. वाक्यात शब्दाला स्वतःचा जोर उरत नाही, तो समूहाच्या शेवटी जातो. 'युन ताब्ल' म्हटलंस तर ताब्लवर. 'युन ताब्ल रोंद', म्हणजे गोल टेबल, म्हटलंस की रोंदवर सरकला. आणि इंग्रजीसारखा दणका नको, शेवटचं जरा लांबव. बाकी सगळं आपल्या मराठीसारखं सपाट.

वेंधळी:
ओह. मी प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीला हाणत होते. मग चित्राचं 'ताब्लो' हे ताब-लो ना?

अर्धाफ्रेंच:
नाही! ता-ब्लो. ब आणि ल फुटत नाहीत, दोघे पुढच्या सिलेबलमध्ये. व्यंजनानंतर र किंवा ल आला की बहुतेक असंच. मराठी जीभ तिथेच फसते.

बंड्या७७:
पण भाचा पास झाला ना?

कॅनडाइच्छुक:
फ्रेंचमुळे कॅनडाच्या पीआरला (कायम राहण्याच्या परवान्याला) किती पॉइंट वाढतात? कृपया लवकर सांगा.