प्रसारण क्षेत्र आणि जनसंवाद विभाग यांचे सहकार्य कसे व्हावे?

सीताबर्डीकर: नागपुरात जनसंवादाच्या पदव्युत्तर वर्गाला शिकवतो. आमचे विद्यार्थी महिनाभर वृत्तवाहिनीच्या कार्यालयात जातात, परंतु बहुतेकांच्या वाट्याला पडद्याखालच्या पट्ट्या टंकित करण्यापलीकडे काही येत नाही. अभ्यासक्रम ठरवतानाच प्रसारकांना सोबत घेण्याचा कोणाला अनुभव आहे का?

निवृत्त ध्वनिमुद्रक: दोष एकट्या वाहिनीचा नाही. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला मुलाखतीचे सगळे प्रकार तोंडपाठ होते, पण तिने मायक्रोफोन पंख्याखाली धरल्यामुळे ध्वनिमुद्रणात घरघरीशिवाय काही उरले नाही. हेडफोन लावून तिला तेच ऐकवले; पुढच्या वेळी तिने आधी पंखा बंद केला.

धरमपेठकर: सामुदायिक रेडिओचा, म्हणजे आसपासच्या लोकांसाठी संस्थेने स्वतः चालवलेल्या छोट्या रेडिओ केंद्राचा, विचार करावा. शैक्षणिक संस्थांसाठी ही दारे २००२ च्या धोरणाने उघडली आणि २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात असे केंद्र सुरू झाले. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ही त्याच वाटेने आली. निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार करावे लागत असल्याने विद्यार्थ्यांच्या हाताला रोज काम मिळते, आणि प्रसारकांना शिकवायला बोलावण्यासाठी निमित्तही. स्वतःच्या बातम्या मात्र देता येत नाहीत, ही पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसाठी मोठीच अडचण (आणि माझ्या मते अनाकलनीय).

सीताबर्डीकर: आभारी आहे. पंख्याचा प्रसंग उद्याच वर्गात सांगतो.